उशिरा आणली

९ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी ते दोनदा वाचलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा स्वतःच्या समाधानासाठी, कारण पहिल्या खेपेला त्यांना त्यात काहीच सापडलं नाही. मलाही नाही. पानभर पत्रात हवा तीनदा आली आणि "मी मजेत आहे" चारदा. मजेत असलेलं माणूस एकदाच सांगतं, तेही विचारलं तर.

तू म्हणशील, आजी, फोन का करत नाहीस? अगं, फोनवर तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी बोलते ते सगळ्या गल्लीला ऐकू येतं. त्यापेक्षा पत्र बरं. मी बोलायचं, बाईंनी लिहायचं. बाईंच्या पोटात गोष्ट राहते. राहते म्हणजे काय, त्या विसरतातच. (हे वाक्य मी निषेध नोंदवून लिहीत आहे. लेखनिक.)

माझा गुडघा होता तिथेच आहे. दात मात्र एक कमी झाला, त्याला माझ्या बडबडीचा कंटाळा आला असणार. बाकी ठीक.

आता खरं सांग. तू नर्स आहेस आणि मी बत्तीस वर्षं दवाखान्यात आया होते. बेडपॅनपासून मोठ्या डॉक्टरांच्या रागापर्यंत सगळं मी रिकामं करून आणलंय. वॉर्डातली कुठलीही घाण मला नवी नाही. सहा महिने तू मला पेशंटच्या गमती लिहायचीस. कोण कुरकुरतो, कोण घोरतो, कोणाची सासू भेटायला आली की त्याचा ताप चढतो. या वेळी एकही पेशंट नाही. वॉर्ड रिकामा झाला की काय?

काय झालंय?

तुझी आजी

१७ फेब्रुवारी

प्रिय आजी, आणि बाई, तुम्हाला नमस्कार.

मी बरी आहे. काम फार आहे, एवढंच. एकोणतीस खाटा आणि सकाळच्या पाळीला आम्ही दोघी.

माझ्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीचं मात्र बिनसलंय. तुला दवाखान्यातलं कळतं म्हणून लिहिते.

आमच्याकडे सकाळी सातला सगळ्यांच्या सिरिंज एकदमच भरून ट्रेमध्ये ओळीने लावतात. प्रत्येकाच्या उशाशी जाऊन भरत बसलं तर दुपार होते. डाव्या बाजूला मीठपाण्याच्या, म्हणजे हातातली सलाइनची नळी तुंबू नये म्हणून सोडायच्या. उजव्या बाजूला औषधांच्या. चिठ्ठी कोणी लावत नाही. डावं-उजवं सगळ्यांना पाठ आहे.

त्या दिवशी उजवीकडे एक सिरिंज पोटॅशियमची होती. ते मोठ्या बाटलीत मिसळून थेंबाथेंबाने द्यायचं असतं. थेट नळीत गेलं तर हृदय थांबतं. दिसायला तेही पाणीच. सफाईच्या मावशींनी टेबल पुसायला ट्रे उचलला आणि ठेवताना उलटा फिरवून ठेवला. डावं ते उजवं झालं.

पेशंट एक शिंपी होता. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं होतं, दुसऱ्या दिवशी घरी जायचा होता. मैत्रिणीचा खिसा उसवलेला बघून म्हणाला, "सिस्टर, उद्या निघण्याआधी सुई-दोरा आणा. तुम्ही मला एवढं टोचलंत, मी तुमच्या खिशाला दोन टाके टोचतो, फिटंफाट." तिने हसत हसत त्याची नळी साफ करायला सिरिंज लावली. दोन मिनिटांत तो गेला.

कागदावर लिहिलंय, हृदयविकाराचा झटका.

त्याच्या बायकोने त्या सकाळी त्याला दोन घोट चहा पाजला होता. संध्याकाळपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं, पण तो मागत होता म्हणून दिला. तिला वाटतं, त्या चहाने तो गेला. मेट्रनसमोर ती जमिनीवर बसून म्हणाली, "मी मारलं त्यांना." मेट्रन म्हणाल्या, "झालं ते झालं." एवढंच. नाही म्हणाल्या नाहीत. मग त्या बाईने मैत्रिणीचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतात. तुमचे उपकार कसे फेडू?"

मैत्रीण मला विचारते, काय करू? तू काय सांगितलं असतंस?

तुझी भिंगरी

२५ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझ्या मैत्रिणीला आशीर्वाद सांग. तिचाही खिसा उसवतो वाटतं? पहिलीत असल्यापासून त्यात गोट्या, खडे, अर्धी खाल्लेली बिस्किटं आणि एकदा जिवंत बेडूक कोंबून उसवलाय का? मला एवढी एकच मुलगी माहीत होती. आता दुसरी निघाली, बरं झालं, जोडी जमेल.

मी हसतेय असं समजू नकोस. बाई वाचत होत्या तेव्हा माझ्या हातात कप होता. वाचून झालं तेव्हा त्यातला चहा गार झाला होता आणि मला तो तोंडाला लावता आला नाही.

तर ऐक. मैत्रिणीला म्हणावं, गप्प बस.

झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेला माणूस परत येत नाही, मग जिवंत असलेलीने स्वतःला का पुरून घ्यायचं? ती मुद्दाम वागली नाही. मोठ्या डॉक्टरांनी कागद लिहिलाय, मेट्रनला माहीत आहे, त्यांच्यापुढे एका नर्सची काय टाप? खरं बोलायला गेली की सगळे बाजूला होतील आणि ती एकटी उन्हात उभी राहील. दवाखाने असेच असतात. वरची चूक जिना उतरत उतरत खाली येते आणि शेवटच्या पायरीवर जो बसलेला असेल त्याच्या डोक्यावर बसते.

त्या बाईचं दुःख काळ हलकं करेल. वर्षभर रडेल, मग संसाराला लागेल. मैत्रिणीने यापुढे सिरिंजला चिठ्ठ्या लावाव्यात, आणि मान खाली घालून चालावं.

जेवत जा. झोपत जा.

आजी

ता. क. हे मी तुझ्या आजीला वाचून दाखवलेलं नाही. मुली, मी लेखनिक, सांगितलं ते लिहिलं. पण सल्ला मला पटलेला नाही. तुला माहीत आहे, माझी मुलगी सहा वर्षांची असताना गेली. शाळेत तपासणी होती, वर्ग सोडता येईना, म्हणून तापाने फणफणलेल्या पोरीला मी एक दिवस उशिरा दवाखान्यात नेलं. कागदावर तसंच लिहिलंय: उशिरा आणली. त्याला एकतीस वर्षं झाली. काळ काही हलकं करत नाही. तुझी आजी माझ्याशेजारी बसून असं म्हणते याचं मला नवल वाटलं, कारण माझं सगळं तिने पाहिलंय. माझी चूक तरी माझी होती. त्या शिंपिणीची नाही. जे तिचं नाही ते तिच्या डोक्यावर राहू देऊ नका.

७ मार्च

आजी,

मैत्रीण नाही. मीच.

तुला आधीच कळलं होतं. तरी मला लिहायचं आहे, कारण अजून मी हे कुठेच लिहिलेलं नाही.

सिरिंज अर्धी गेली तेव्हा तो म्हणाला, "सिस्टर, हात जळतोय." मी म्हटलं, "थोडं होतं तसं. आत्ता थांबेल." आणि उरलेली अर्धी दिली. आजी, तो सांगत होता. माणूस तोंडाने सांगत होता आणि मी त्याची समजूत घालत होते.

मी लपवलं नव्हतं. सिरिंज मुठीत धरून मीच डॉक्टरांकडे पळत गेले आणि सांगितलं. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, सुयांच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "तू दमली आहेस. घरी जा." बस. त्यानंतर त्या गोष्टीचं कोणी नावच घेत नाही.

परवा त्याची बायको कागद न्यायला आली होती. ज्याच्या त्याच्यासमोर उभी राहून विचारत होती, "दोन घोटांनी माणूस जातो का हो?" डॉक्टरांना विचारलं, वॉर्डबॉयला विचारलं, लिफ्टवाल्यालाही विचारलं. ती माझ्याकडे वळली तेव्हा मी चादरींच्या खोलीत शिरले आणि ती जाईपर्यंत चादरी मोजत बसले.

एकवीस मार्चला मृत्यूंची चौकशी करणारी समिती बसणार आहे. माझा जबाब टाइप करून तयार आहे, मी फक्त सही करायची. त्यात लिहिलंय, "मनाई असताना पत्नीने रुग्णास तोंडावाटे चहा दिल्याचे आढळले." म्हणजे आता ते तिच्या मनातच राहणार नाही, कागदावरही येणार. माझ्या सहीने.

आजी, मी कप फोडला की "आधी बोल, मग रड" म्हणणारी तू. तू मला जन्मात कधी गप्प बस म्हणाली नव्हतीस. आताच का? बाईंचं मत तर वेगळं आहे. त्यांची ता. क. मिळाली.

तुझी

१३ मार्च

भिंगरे,

बाईंनी पत्र वाचलं. शेवटाला त्या जरा अडखळल्या, मी खोदून विचारलं, तेव्हा ता. क. ची चोरी कबूल केली आणि ती मलाही म्हणून दाखवली. पाठच होती त्यांना. मी रागावले नाही. तीन दिवस मात्र मी त्यांना लिहायला बसू दिलं नाही. आज बसवलंय.

बाई, आज मी सांगेन ते लिहा. माझं व्याकरण सुधारू नका आणि मधे थांबू नका. थांबलात तर मला पुन्हा सुरुवात करायची हिंमत होणार नाही. हेही लिहा.

भिंगरे, तू विचारलंस, आताच का. तर ऐक.

तेव्हा मी मुलांच्या वॉर्डात होते. बारा खाटा. औषध खाटेच्या नंबराने जायचं. नाव कोणी विचारत नसे. सिस्टर म्हणायची सात नंबर, बारा नंबर, आणि ट्रेमधली त्या नंबराची सुई त्या खाटेला. सोपं काम. दारापाशी सात नंबर, खिडकीपाशी बारा नंबर.

सातवर तापाची एक लहान मुलगी होती. बारावर हृदयाच्या आजाराचा एक मुलगा, तेरा वर्षांचा, अंगाने थोराड. त्या सकाळी त्याला छातीचा फोटो काढायला खाली नेलं होतं. दार सारखं उघडायचं, गार झोत यायचा, आणि मुलगी खोकत होती. मला म्हणाली, "मावशी, तिथून चिमण्या दिसतात का?" मी तिला उचललं आणि बाराच्या खाटेवर नेऊन ठेवलं. तासाभरासाठी. तो मुलगा येईपर्यंत. तिची आई दूध आणायला खाली गेली होती.

बाई, लिहा.

सिस्टर ट्रे घेऊन आली. बारा नंबर. मी चार खाटा पलीकडे फरशी पुसत होते. मी पाहिलं. मला वाटलं, सिस्टरला माहीत असेल. शिकलेल्या माणसाला सगळं माहीत असतं असं मला वाटायचं तेव्हा. पोर शहाणी होती, तिने आपणहून हात पुढे केला. मुलाची सुई तिला गेली. हृदयाचं औषध, थोराड मुलाच्या मापाचं.

दुपारी बाराच्या आधी ती गेली.

सिस्टरला कळलं, डॉक्टरांना कळलं, मला कळलं. आणि डॉक्टरांनी आईला विचारलं, "ताप कधीपासून होता?" ती म्हणाली, "परवापासून." ते म्हणाले, "मग काल का नाही आणलं?" बस, एवढाच प्रश्न विचारला त्यांनी. तिने स्वतःच स्वतःला पकडून दिलं. ती म्हणायला लागली, माझी शाळा होती, माझी तपासणी होती. मी बादली घेऊन तिथेच उभी होते, इथून तुम्ही आहात तेवढ्या अंतरावर.

संध्याकाळी मला कार्यालयात बोलावलं. कागद वाचून दाखवला. त्यात होतं की खाटा बदललेल्या नव्हत्या. मला वाचता येत नाही, पण ऐकू चांगलं यायचं तेव्हा. मी अंगठा दिला. तुझा बाप चौदा वर्षांचा होता, तुझे आजोबा अंथरुणाला खिळलेले, ही कारणं मी एकतीस वर्षं घोकली. आता ती मलाच खोटी वाटतात. खरं कारण, मी घाबरले.

त्यानंतर वॉर्डात मी प्रत्येक सुईच्या आधी आडवी यायचे. "मला वाचता येत नाही, सिस्टर, मोठ्याने वाचा. कोणाची? नाव काय?" मग खाटेवरच्या पोराला विचारायचे, "तुझं नाव काय रे?" सगळ्या वैतागायच्या. माझं नाव "नाववाली" पडलं. पण तीनदा चुकीची सुई तशीच परत गेली. लोक म्हणाले, अडाणी असून केवढी हुशार. हुशार कसली. चोराला कुलपं कळतात, तशी.

आणि ती आई पंधरा दिवसांनी दवाखान्यात आली, मला शोधत. म्हणाली, "त्या दिवशी सगळ्या वॉर्डात तुम्ही एकट्या रडलात." पुढे तिने आपल्या शेजारची खोली रिकामी झाल्यावर ती मलाच मिळवून दिली. तेव्हापासून ती माझी पत्रं लिहिते.

बाई, हात का थांबला? आता थोडंच राहिलंय.

भिंगरे, मी तुला गप्प बस म्हटलं, कारण तुला बोल म्हणायचं तर मला आधी हे बोलावं लागलं असतं. आणि हे बोलायचं तर लिहिणारी एकच होती. मी म्हटलं, वर्षभर रडेल मग संसाराला लागेल. खोटं. मी शेजारच्या भिंतीआडून एकतीस वर्षं ऐकलंय. तपासणीचा दिवस आला की त्या जेवत नाहीत. कोणाच्या पोराला नुसती शिंक आली तरी त्या घरी जाऊन म्हणतात, आत्ता न्या, आजच न्या. मी एका वाक्यात ते थांबवू शकले असते. रोज शकले असते. रोज नाही थांबवलं.

माझ्यासारखी होऊ नकोस. सही करू नकोस. त्या बाईला जाऊन सांग. समितीच्या आधी सांग, तिला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

आजी

वरचा मजकूर सांगितला तसा लिहिला आहे. काही बदललेलं नाही.

मी दूध घेऊन वर आले तेव्हा ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. मला म्हणाली, आई, इथे छान आहे. मी विचारलं नाही की तिला तिकडे कोणी नेलं. हे मला रोज आठवतं. पण त्याचा काही अर्थ असेल असं कधी वाटलं नव्हतं.

पत्र मी स्वतः पेटीत टाकत आहे, कारण ते तुला एकवीसच्या आत मिळालं पाहिजे. यापुढे मला लिहायला सांगू नये.

२४ मार्च

आजी,

हे तुला कोण वाचून दाखवेल मला माहीत नाही. कोणी का असेना, सावकाश वाचा.

एकोणीस तारखेला मी शिंप्याच्या घरी गेले. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. मशीनवर एक सदरा तसाच होता, एका बाहीचा. तिने मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. ट्रे, डावं-उजवं, सिरिंज, सगळं. मग म्हणाली, "चहाने नाही?"

"चहाने नाही."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग विचारलं, "ते काय म्हणाले?" मी सांगितलं, हात जळतोय म्हणाले. "आणि तुम्ही काय म्हणालात?" तेही सांगितलं. आजी, ते सांगणं सगळ्यात कठीण होतं.

ती म्हणाली, "मी तुमचे उपकार मानले होते." मग म्हणाली, "जा." मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून विचारलं, "हे सगळ्यांसमोर सांगाल?" मी हो म्हटलं.

समितीपुढे मी टाइप केलेल्या कागदावर सही केली नाही. माझ्या हाताने लिहिलेला दिला. डॉक्टर म्हणाले, असं काही मला सांगितलंच नव्हतं, आणि ती सिरिंज कुठे आहे? मेट्रन म्हणाल्या, मुलीच्या मनावर परिणाम झालाय. मग कोणीतरी सफाईच्या मावशींचं नाव काढलं, ट्रे तिने फिरवला म्हणून. त्या दाराशीच उभ्या होत्या. मी म्हटलं, ट्रे फिरला म्हणून माणूस मरत असेल तर चूक फिरवणारीची नाही, असा ट्रे लावणाऱ्यांची आहे. भरली मी, चिठ्ठी लावली नाही मी, दिली मी. आणि रोज सगळेच असंच करतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मला कामावरून थांबवलंय. नर्सिंगचा परवाना राहील की जाईल ते पुढे ठरेल. शिंपिणीने पोलिसांत तक्रार दिली, त्यात माझं नाव पहिलं आहे. तिने दिली हे मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, भीतीही वाटते.

माझ्या वॉर्डात आता सिरिंज खाटेपाशी भरतात, चिठ्ठी लावतात, नाव विचारतात. पोटॅशियम कुलपात गेलं. वरच्या मजल्यावर मात्र अजून ट्रेच आहेत. मी विचारलं तर म्हणाले, तिथे काही घडलेलं नाही.

तू कशी आहेस? बाई कशा आहेत? तुझं पत्र वाचल्यापासून मला त्यांचाच चेहरा दिसतो.

तुझी

१९ एप्रिल

भिंगरे,

अक्षर ओळखलंस ना? हो. पण हुरळून जाऊ नकोस, आधी पुरतं ऐक.

तुझं पत्र तीन आठवडे फळीवर न उघडता पडलं होतं. औषधाच्या दुकानातला म्हणाला, "आजी, मी वाचतो की." मी म्हटलं, "तुझं अक्षर तुला तरी वाचता येतं का? राहू दे." खरं सांगायचं तर हे पत्र दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचा मला हक्क नव्हता. बाईंचं दार बंद असायचं. दिसल्या तर पलीकडच्या बाजूने जायच्या. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार?

काल दुपारी दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीने सांगितलं का त्या बाईला?" मी पत्र पुढे केलं. उभ्यानेच वाचलं. एकदाच. शिंपिणीपाशी आल्या, "पुन्हा सांगा" पर्यंत वाचलं, आणि कागद खाली केला.

म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही उशिरा नव्हती आणली. सकाळी तिचा ताप उतरत होता. सिस्टरने मोठ्याने सांगत खाटेच्या पाटीवर लिहिलाही होता. ती घरी आली असती."

त्यांनी दाराची चौकट धरली. "पुन्हा" असं त्या म्हणाल्या नाहीत. मीच पुन्हा सांगितलं. मग त्या उंबऱ्यावर बसल्या आणि एकेक विचारत गेल्या. ती मला काय म्हणाली, मी तिला कसं उचललं, पांघरूण होतं का, सुई टोचल्यावर रडली का, शेवटी कोणाला हाक मारली. मला आठवलं ते सगळं मी सांगितलं. आठवत नव्हतं तिथे आठवत नाही म्हटलं. ते इथे लिहायला सांगत नाही, ते त्यांचं आहे.

मला माफ केलं का, असं विचारू नकोस. मी विचारलं नाही. आज त्या लिहायला बसल्यात ते माझ्यासाठी नाही. मी चुकीचं बोलले तरी आता सुधारत नाहीत. पूर्वी कशा खेकसायच्या, "अहो, असं म्हणत नाहीत." मला ते खेकसणं हवंय, पण मागणार कोणाकडे?

तुझ्याबद्दल त्यांनी एवढंच लिहायला सांगितलंय: परवाना गेला तर जाऊ दे, पण वरच्या मजल्यावरच्या ट्रेचं लेखी कळवत राहा. दर आठवड्याला. तारीख घालून, प्रत ठेवून. कोणी उत्तर देत नाही म्हणून थांबू नकोस. मी सांगते, घाबरलीस की इकडे ये. खोली लहान आहे, गुडघा मोठा आहे, पण मावशील.

सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. दवाखान्याचे जुने कागद आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या इमारतीत ठेवलेत. बाईंनी अर्ज लिहिलाय की त्यांच्या मुलीच्या कागदावरचं "उशिरा आणली" खोडावं आणि खरं लिहावं. मी साक्षीदार. ते म्हणतील, म्हातारी वेडी झालीय. ती सिस्टर राहिली नाही, डॉक्टर राहिले नाहीत, राहिले ती मी. कदाचित हाकलून देतील. बाई म्हणाल्या, मग मंगळवारी परत जाऊ.

एकाच बसने जायचं ठरलंय. पण त्या पुढच्या बाकावर बसणार आणि मी मागे. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मी म्हटलं, "बसा. पण तो भाग मला नवा आहे, पाट्या मला वाचता येत नाहीत. कुठे उतरायचं तेवढं सांगाल ना?"

त्यांनी अर्जाची घडी पिशवीत सरकवली. मग म्हणाल्या, "सांगेन."

तुझी आजी